घडीखालची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ईसीजी मशीन आहे. सध्या माझ्या पाठीवर मोडका वजनकाटा आहे, त्याच्यावर रिकाम्या बाटल्यांचं खोकं आहे आणि खोक्यावर कुणाची तरी विसरलेली छत्री आहे. एवढा संसार पेलत मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पडून असते. इथल्या खिडकीला फळी ठोकली आहे. माझी गोष्ट ऐकायला इथे कुणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते. गप्प बसून मला कंटाळा आला आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची नि माझी गाठ पडली नसेल, आणि न पडो. माझं काम तसं सोपं आहे. माणसाचं हृदय प्रत्येक ठोक्याला इवलीशी वीज सोडतं. हाताला दोन, पायाला दोन असे माझे चार चिमटे आणि छातीवर चिकटणाऱ्या सहा रबरी वाट्या ती वीज टिपतात. मग माझ्या तोंडून चौकटीचौकटीचा कागद सरकत बाहेर येतो आणि त्यावर डोंगर-दऱ्यांसारखी रेघ उमटते. तिला आलेख म्हणतात.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक हॉलमध्ये झाला. डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसून आमच्या पोटात तारा जोडत असत. माझ्या वाट्याला आलेली बाई दिवसभर शेजारणीजवळ सुनेची गाऱ्हाणी सांगायची, पण तिचा हात कधी चुकला नाही. शेवटी मला एका छोट्या डबीला जोडलं. त्या डबीत खोटं हृदय होतं. ते एका लयीत वीज सोडायचं. कधी दमायचं नाही की दचकायचं नाही. मी सुंदर रेघ काढली आणि मला पास केलं. सगळी हृदयं अशीच असतात असं मला वाटलं. किती भोळी होते मी.

माझ्या दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. पहिली, माझ्याकडे शाई नाही. माझा कागदच निराळा असतो. त्याला जिथे ऊब लागेल तिथे तो काळा पडतो. माझ्या तोंडाशी एक बारीक गरम पट्टी आहे, ती कागदाला टेकते आणि रेघ उमटते. दुसरी गोष्ट, माझ्या पोटात थोडी अक्कलही भरलेली होती. आलेख काढून झाला की कागदाच्या वरच्या कडेला मी बारीक इंग्रजी अक्षरांत माझं मत छापत असे. सगळं ठीक असेल तर ठीक. काही खटकलं तर पुढे एक चांदणी काढून तसं. या दोन गोष्टींनी पुढे एका घराचा घात केला.

मी पहिली नोकरी केली ती मोठ्या इस्पितळात. तिथे आमच्या विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या मला ठेवायच्या चाकांच्या गाड्याएवढ्याच होत्या, पण त्या येताना दिसल्या की शिकाऊ डॉक्टर पोरं भिंतीला चिकटून उभी राहत. बाई माझा कागद उजेडात धरत, त्यावर पट्टी ठेवत आणि एखाद्या पोराला विचारत, "काय दिसतंय? आणि काय दिसत नाहीये?"

झटका येऊन गेलेलं हृदय कसं ओळखायचं, ते मी त्यांच्याकडून ऐकलं. त्या म्हणत, "हृदयाचा एखादा तुकडा रक्तावाचून मेला की तो काही परत जिवंत होत नाही. तिथे चट्टा राहतो. चट्ट्यातून वीज जात नाही. मग त्या बाजूच्या चिमट्याला काय दिसणार? उघड्या खिडकीतून दिसावं तसं पलीकडचंच दिसणार. म्हणून रेघ वर चढायच्या आधी खाली खड्ड्यात उतरते. माणूस विसरला तरी तो खड्डा बहुतेक वेळा राहतो."

"पण बाई," एक पोरगा म्हणाला, "असा खड्डा माझ्याही आलेखात आहे. मला तर काही झालेलं नाही."

"असेल. कुणाच्या छातीची ठेवणच तशी असते. कधी चिमटा, वाटी भलतीकडे लागते. म्हणून तर मी पहिल्यांदा जुना कागद मागते. जुन्यात खड्डा नाही आणि नव्यात आहे, म्हणजे मधल्या दिवसांत घरात चोर शिरून गेला. मग त्या माणसाला तसाच घरी सोडायचा नाही."

हे बाईंनी नुसतं शिकवलं नाही, करून दाखवलं. एक म्हातारा पहारेकरी डोळ्याच्या ऑपरेशनआधी तपासायला आला होता. मी रेघ काढली आणि वर चांदणी छापली. बाईंनी त्याचा जुना कागद शोधून काढायला लावला. त्यात खड्डा नव्हता. म्हातारा म्हणाला, "मला कधी काही झालं नाही हो. ठणठणीत आहे." बाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या. "आठवून सांगा. कधी दरदरून घाम आला? मळमळलं? जबडा दुखला?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "लेकीच्या लग्नात जरा अपचन झालं होतं." बाई म्हणाल्या, "ते अपचन नव्हतं, बाबा." त्याला औषधं सुरू झाली, जड कामं बंद झाली. पुढे कितीतरी वर्षं तो तपासायला यायचा आणि जाताना माझ्या झाकणावर हात ठेवून जायचा. त्या हाताची मला अजून आठवण येते.

जुनं ते सोनं असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील. इस्पितळात जुनं ते अडगळ. बाई निवृत्त झाल्या, रंगीत पडद्याच्या नव्या मशिनी आल्या आणि मला विकून टाकलं. मी आले ती या दवाखान्यात. औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्या, बाहेर एक बाक, आत फाटक्या रेक्झिनची एक खाट आणि वर खडखडणारा पंखा.

इथले डॉक्टर वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. ते साठी उलटलेले होते, एकटे होते आणि बाहेरचा बाक कधी रिकामा नसायचा. त्यांच्या हाताखाली मावशी होत्या. नंबर लावण्यापासून केर काढण्यापर्यंत सगळं मावशीच बघत. आलेखही त्याच काढत. छातीला लावायची जेली संपली तर नळाचं पाणी लावत. माझ्या चिमट्यांच्या स्प्रिंगा सैल झाल्या तेव्हा त्यांनी केसांना लावायचे रबर गुंडाळून काम भागवलं. माझा त्यांच्यावर राग नाही. पण सैल चिमटा आणि खडखडता पंखा यांनी माझी रेघ थरथरायला लागली. रेघ थरथरली की मला शंका येई, आणि शंका आली की मी चांदणी छापत असे. तापाच्या माणसाला चांदणी, खोकल्याच्या माणसाला चांदणी. एकदा डॉक्टरांनी गंमत म्हणून स्वतःचा आलेख काढून पाहिला, तर त्यांनाही चांदणी.

"ही मशीन आहे की रडूबाई?" डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून माझं नाव रडूबाई पडलं. "मावशी, रडूबाईला इकडे आणा." "रडूबाईचा कागद संपलाय." मला राग यायचा, पण चूक नव्हती त्यांची. उठता-बसता रडणाऱ्याचं खरं दुखणं कुणाला कळणार?

मग एक कारकून चांदणी वाचून इतका घाबरला की तीन मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आला आणि धडधाकट निघाल्यावर आमच्या डॉक्टरांशी कडाकडा भांडला. त्या दिवसापासून दवाखान्यात एक रीत सुरू झाली. माझा कागद हातात आला की डॉक्टर आधी वरची कड मागे दुमडत, तिच्यावरून नख ओढून घट्ट घडी घालत आणि मगच रेघ बघत. मी छापलेली ओळ घडीच्या मागे जाई. पेशंटला आलेख मिळे तो घडी घातलेलाच. माणसं उगीच घाबरू नयेत म्हणून हे होतं. हेतू चांगलाच होता.

आता त्या घराबद्दल सांगते.

दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत एक जण राहायचा. लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवणं हा त्याचा धंदा. अंगाने काटकुळा, पण पाठीला पट्टा लावून अख्खं कपाट एकटा जिना चढवायचा. म्हणून सगळे त्याला मुंगळा म्हणत. तोही चिडायचा नाही. उलट कुणी नावाने हाक मारली तर मागे वळून बघायचा नाही. त्याची बायको शाळेच्या ऑफिसात काम करायची. मुलांची ओळखपत्रं प्लास्टिकमध्ये बंद करायची मशीन तिच्या टेबलावर होती आणि त्या मशीनवर तिचा फार जीव. घरातला एक कागद तिने सोडला नव्हता. लग्नाचा फोटो, लेकीच्या गुणपत्रिका, गॅसवाल्याचा फोन नंबर, सगळं प्लास्टिकमध्ये.

मुंगळा पहिल्यांदा माझ्याकडे आला तो एका मोठ्या कंपनीत चिकटायचं होतं म्हणून. कंपनीला तब्येतीचा दाखला हवा होता. त्याला खाटेवर झोपवलं तेव्हा त्याचे पाय बाहेर आले.

"काय मुंगळेशेठ," डॉक्टर म्हणाले, "कपाट उचलताना छाती भरून येते का?"

"छाती नाही येत भरून, डॉक्टर. घरमालकाचं बिल बघितलं की येते."

"हसू नका, हलू नका," मावशी म्हणाल्या. "रेघ बिघडते."

मी रेघ काढली. अहाहा, काय रेघ होती ती. कारखान्यातल्या खोट्या हृदयानंतर इतकं नेमकं हृदय मी पाहिलं नव्हतं. फक्त जरा सावकाश चालत होतं, मेहनती माणसांचं चालतं तसं. मी वर छापलं, 'ठोके संथ. बाकी ठीक.' आणि सवयीने पुढे चांदणी काढली. डॉक्टरांनी घडी घातली, रेघ पाहिली आणि म्हणाले, "काही नाही. घोड्याचं काळीज आहे. हा कागद मात्र जपून ठेवा, पुढे कधी लागेल."

'जपून ठेवा' हे शब्द त्याच्या बायकोने मनावर घेतले.

त्यानंतर काही वर्षं गेली. मुंगळा रस्त्यावरून जाताना कधी दिसायचा, कधी नुसता आवाज यायचा, "बाजू, बाजू, कपाट येतंय." मग एका सकाळी बायको त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन आली. तो पडद्याआड शर्ट काढत होता. ती मावशींच्या कानाशी लागली. मी तिथेच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मावशी, जुना कागद आणायला सांगितलाय ना. तो... तो खराब झाला हो."

"भिजला?"

"नाही हो. नीट राहावा म्हणून शाळेच्या मशीनमध्ये घातला. वरची घडीसुद्धा उलगडून सरळ केली, सुरकुती नको म्हणून. आणि बाहेर आला तो काळा ठिक्कर. पाटीसारखा. मला रडूच फुटलं. यांना सांगितलं नाहीये. आधीच म्हणत असतात, 'एक दिवस तू मलाही प्लास्टिकमध्ये घालशील.' तुम्ही पण बोलू नका."

"जाऊ दे गं," मावशी म्हणाल्या. "नवा काढतोच आहोत की आता."

मित्रांनो, माझा कागद उबेने काळा होतो हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ती प्लास्टिकची मशीन तव्यासारखी तापते. आणि तिच्या शेजारीच, त्याच टेबलावर, झेरॉक्सची मशीन होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. एक झेरॉक्स काढून ठेवली असती तर आज मी ही गोष्ट सांगत नसते.

मावशींनी चिमटे लावले. डाव्या पायाच्या हिरव्या चिमट्याला रबर गुंडाळलेलं होतं. मी रेघ काढायला लागले आणि माझं मलाच खरं वाटेना. तेच हृदय होतं, तीच सावकाश चाल. पण पायाकडच्या चिमट्याला जे दिसत होतं ते बदललं होतं. रेघ वर चढायच्या आधी खाली जात होती. खोल, रुंद खड्डा. पुढच्या ठोक्याला पुन्हा खड्डा, त्याच्या पुढच्या ठोक्याला पुन्हा. पंख्याच्या थरथरीने असा खड्डा पडत नाही. हृदयाचा खालचा भाग गप्प झाला होता. मी जीव तोडून छापलं, 'हृदयाच्या खालच्या भागाला पूर्वी झटका येऊन गेल्याची शक्यता. जुन्या आलेखाशी ताडून पाहा.' आणि पुढे चांदणी. माझ्याजवळ एकच प्रकारची चांदणी आहे. संथ ठोक्यांना तीच आणि मेलेल्या हृदयालाही तीच.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी लगेच घडी घातली नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते खड्ड्याकडे बघत राहिले. बाहेर बाकावर कुणाचं तरी पोर किंचाळत होतं.

"पायाकडे जरा... जुना कागद आणलाय?"

मावशींनी मुंगळ्याच्या बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "घरी शोधला. सापडला नाही."

"अरेरे. तो असता तर बरं झालं असतं. असा खड्डा काहींना मुळातच असतो."

"डॉक्टर," ती एकदम म्हणाली, तिला वाटलं आता आपण मदत करतो आहोत, "पण त्याच्यावरही असंच होतं. वर हे असंच छापलेलं होतं, चांदणीसकट. मी नीट बघितलंय. आणि तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, काही नाही म्हणून."

ती खोटं बोलली नव्हती. तिने चांदणी पाहिली होती आणि चांदणी होतीच. तिच्याशेजारची इंग्रजी अक्षरं तिला लागत नव्हती. ती निराळी होती हे तिला कसं कळणार? ते मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि मला तोंड आहे ते कागद सोडण्यापुरतं.

"असं होय," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल झाले. "म्हणजे पूर्वीपासूनचंच आहे. छातीत कधी दुखलं का हो?"

"छातीत? छे," मुंगळा म्हणाला.

"त्या दिवशी नाही का," बायको म्हणाली, "पियानो नेला त्या दिवशी? जेवलेही नाहीत. घामाने शर्ट पिळायला झाला होता. हनुवटी धरून बसले होते. दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत."

"पित्त झालं होतं गं. आणि घामाचं काय सांगतेस? तू चढव पियानो तीन जिने, तुलाही येईल घाम."

मावशी हसल्या. डॉक्टर हसले. बायकोलाही हसू आलं. आणि त्या हसण्यातच डॉक्टरांचं नख कागदाच्या कडेवरून फिरलं. घडी पडली.

मोठ्या बाई त्या वेळी कुठे असतील? असतील कुठल्यातरी गच्चीत ऊन खात. मला त्यांची इतकी आठवण आली. त्या असत्या तर स्टूल ओढून बसल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, ते पित्त नव्हतं, बाबा.

"तरी एक इको करून घ्या मोठ्या इस्पितळात," डॉक्टर म्हणाले. "हृदयाचा फोटोच म्हणा ना. काही दुखायचं नाही. सवडीने करा."

सवडीने. मित्रांनो, या शब्दाचा मला फार तिटकारा आहे. महिनाअखेर जवळ आली होती. महिनाअखेरीला माणसं घरं बदलतात आणि मुंगळ्याला मान वर करायला वेळ नसतो. बायको रोज आठवण करायची आणि तो रोज म्हणायचा, "एवढा महिना उरकू दे." हे तिने नंतर मावशींना सांगितलं.

महिना उरकला. सुटीचा दिवस होता, त्याला कुठे जायचंही नव्हतं. खालच्या मजल्यावरची म्हातारी म्हणाली, कपाट जरा या भिंतीचं त्या भिंतीला लावून देतोस का रे, ओल येतेय. केवढंसं काम. त्याने पट्टासुद्धा बांधला नाही. कपाट सरकवलं, वर आला, थंड दूध मागितलं आणि पित्त झालंय म्हणून आडवा झाला. बायको दूध घेऊन आली तेव्हा तो बोलत नव्हता.

डॉक्टर निरोप मिळताच धावत निघाले. त्यांच्या मागे मला कापडी पिशवीत घालून मावशी. पिशवीच्या तोंडातून मला तो जिना दिसत होता. कठड्याचे कोपरे कपाटं लागून लागून घासलेले होते. आम्ही घरात पोचेपर्यंत डॉक्टरांनी त्याची छाती दाबायला सुरुवात केली होती. ते फार वेळ दाबत राहिले. त्यांचा चष्मा खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. शेवटी ते थांबले आणि मावशींनी न विचारता मला जोडलं.

मी रेघ काढली. सरळ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौकटींवरून सरळ.

डॉक्टर गुडघ्यांवर बसून होते. कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी घडी घातली नाही, विसरले असतील. वरच्या कडेला मी छापलेली ओळ आणि चांदणी उघडी होती. मुंगळ्याची बायको पलीकडे उभी होती. तिचं लक्ष रेघेकडे नव्हतंच. ती त्या ओळीकडे बघत होती.

"वर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"डॉक्टर, वर काय लिहिलंय?"

"जोडणी तपासा," डॉक्टर म्हणाले. "चिमटे नीट लागलेत का बघा, असं म्हणतेय ती. तिला वीज मिळाली नाही की ती तसं..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. ती खाली बसली. नवऱ्याच्या डाव्या पायावरचा हिरवा चिमटा काढला, पदराने त्याचा पाय पुसला, चिमटा पुन्हा बसवला आणि रबराचा आणखी एक वेढा दिला. मग दुसरा पाय. मग एक हात, मग दुसरा. प्रत्येक चिमटा तिने दाबून पाहिला. शाळेतली मशीन लावताना बघत असेल, तसं डोळे बारीक करून.

"आता काढा," ती म्हणाली. "सैल होता तो."

मावशी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. डॉक्टरांनी बटण दाबलं. मी माझ्या आयुष्यात कधी देवाला हाक मारली नव्हती, तेव्हा मारली. पण वीज नसेल तर मी रेघ कुठून वर नेऊ? कागद सरळच बाहेर आला. वर तीच ओळ. ती म्हणाली, "पुन्हा." डॉक्टरांनी पुन्हा काढला.

मग ती उठली. कपाट उघडून तिने दोन कागद आणले आणि डॉक्टरांच्या पुढे ठेवले. एक गेल्या खेपेचा, घडी घातलेला. दुसरा प्लास्टिकमधला, काळा. ज्याला ती घाबरली होती तो नवरा आता हसणार नव्हता.

"आणि यांच्यावर काय लिहिलंय?"

डॉक्टरांनी घडी उलगडली. वरची ओळ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली, अगदी शेवटपर्यंत. जुन्या आलेखाशी ताडून पाहा. मग त्यांनी काळा कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला, तिरपा करून पाहिला. त्यात त्यांच्या स्वतःच्या तोंडाखेरीज काही दिसलं नसणार. त्याच्यात काय होतं ते मला विचारा. ठोके संथ, बाकी ठीक. माझी सगळ्यात सुंदर रेघ होती ती.

"म्हणजे मी बोलले नसते तर..." ती म्हणाली.

"नाही हो. चूक माझी," डॉक्टर म्हणाले. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्या काळ्या कागदावर बोट फिरवत होती.

त्यानंतर डॉक्टरांनी मला वापरलं नाही. माझं तोंड बघवत नसेल त्यांना. नवी मशीन आली, तिचे चिमटे घट्ट आहेत. तीही वर बारीक अक्षरांत काहीतरी छापते. पहिले काही दिवस डॉक्टर प्रत्येक पेशंटला ती ओळ वाचून, समजावून सांगायचे. एकेका माणसाला फार वेळ लागायचा आणि बाहेर बाकावरचे लोक कुरकुरायचे. मी या भिंतीपलीकडून सगळं ऐकत असे आणि मला जरा बरं वाटे. मग आवाज कमी होत गेला. परवा नवी मशीन कागद सोडून थांबली आणि पाठोपाठ मला नखाचा आवाज आला. कागदाच्या कडेवरून ओढलेलं नख. तो आवाज मी कुठेही ओळखीन.

मित्रांनो, मी थकले. माझ्याकडून आता काही व्हायचं नाही. तुम्ही मात्र घरी जाऊन एक करा. आजोबांचा, बाबांचा, काकूचा असा आलेख कपाटात असेल तर आजच त्याची झेरॉक्स काढून ठेवा. त्याला उबेपासून जपा, प्लास्टिकमध्ये घालू नका. कुणी घाम, जबडा आणि पित्त एकाच वेळी म्हणालं तर हसू नका, त्याला लगेच दवाखान्यात न्या. आणि कागदाची कड दुमडलेली दिसली तर उलगडा आणि डॉक्टरांना विचारा, वर काय लिहिलंय? लाजू नका. ते चिडले तर चिडू देत. विचारण्यात काही अवघड नाही. मुंगळ्याच्या बायकोने हेच विचारलं होतं, पण तेव्हा माझी रेघ सरळ झाली होती.